मानाचा पाट कोणाचा?

दिवाळीच्या फराळाला मानाचा पाट कोणाला द्यायचा, याविषयी आमच्या घरी कधी वाद होत नाही. वडीलधारे माणूस आले की आपण उठायचे, एवढा साधा हिशेब. पण गेल्या दिवाळीत त्याच ताटांभोवती एक वाद निघाला, आणि चकल्यांचा डबा रिकामा झाला तरी तो मिटला नाही. पुतण्या म्हणाला, "काका, फुटबॉलात मान एकाचाच. गोल करील त्याचा. बाकीचे दहाजण वऱ्हाडी!"

मी कादंबऱ्या लिहितो आणि शाळेत मुलांना शिकवतो. दोन्ही धंद्यांत वऱ्हाड्यांशीच अधिक संबंध येतो. म्हणून हे वाक्य मला लागले, आणि संघाने आपल्या जुन्या खेळाडूंपैकी कोणाला सर्वोच्च मान द्यावा, या प्रश्नाचा मी जरा नेटाने विचार करू लागलो.

असा मान देणारी एक जुनी संस्था कलकत्त्यास आहे, ती म्हणजे मोहन बागान. 29 जुलै 1911 रोजी या संघाने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटच्या गोऱ्या सोल्जरांना 2-1 असे हरवून आय. एफ. ए. शील्ड जिंकली. अकरांपैकी दहाजण अनवाणी खेळले. बूट होते ते एकट्या सुधीर चटर्जींच्या पायात. गोल केले शिवदास भादुरी आणि अभिलाष घोष यांनी. पण बंगालने त्या दोघांनाच डोक्यावर घेतले नाही. 'अमर एकादश' म्हणून अकराही जणांना एका ओळीत बसवले. पुतण्याच्या वऱ्हाड्यांना याहून चोख उत्तर कोणते?

पुढे 2001 सालापासून हा क्लब 'मोहन बागान रत्न' देऊ लागला, आणि पहिला मान गेला शैलेन मन्ना यांच्याकडे. ही निवड मला फार बोलकी वाटते. मन्ना बॅकला खेळत; गोल करणे हे त्यांचे कामच नव्हे. शिवाय 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फ्रान्सविरुद्ध आपण 2-1 असे हरलो, त्या सामन्यात आपल्या दोन पेनल्टी वाया गेल्या होत्या आणि त्यांतली एक मन्नांच्या पायची होती. एखाद्याचे नाव त्या एका चुकीपाशीच थिजले असते. पण तीनच वर्षांनी, 1951 साली, दिल्लीच्या पहिल्या आशियाई स्पर्धेत इराणला 1-0 असे नमवून सुवर्णपदक घेणाऱ्या संघाचे कप्तान हेच मन्ना होते. गोल मेवालालचा; पण मागची भिंत कोणाची? चुकलेल्या माणसाला पहिला पाट देणाऱ्या क्लबाला माणसाची पारख आहे, असे मी म्हणेन.

तथापि त्या रत्नमालेविषयी माझी एक तक्रार आहे. मोहन बागानचा तट म्हणून ज्यांची ख्याती, ते गोष्ठ पाल 1976 साली वारले. 1962 साली पद्मश्री मिळवणारे ते पहिले फुटबॉलपटू. क्लबाचे रत्न मात्र त्यांना मरणोत्तर मिळाले. फराळ वाढायचा तो पाहुणा ओसरीवर असताना. तो निघून गेल्यावर ताट सजवून काय उपयोग?

मग कसोटी कोणती? कादंबरीकाराला एकच कसोटी ठाऊक असते: हे पात्र काढून टाकले तर गोष्ट उभी राहते का? चुनी गोस्वामी लावून पाहा. दुसऱ्या क्लबाकडे कधी न गेलेला, 1962 च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेतला आपला सुवर्ण कप्तान. मुंबईकरांना तो आणखी एका नात्याने ठाऊक: 1971-72 च्या रणजी अंतिम सामन्यात मुंबईसमोर उभ्या ठाकलेल्या बंगालचाही तोच कप्तान. त्याला वगळा, गोष्ट मोडते. जर्नेलसिंग घ्या. हा बचावाचा गडी. पण त्याच स्पर्धेत डोक्याला टाके पडलेले असताना पुढच्या फळीत खेळला, आणि दक्षिण कोरियाविरुद्धच्या अंतिम सामन्यात पी. के. बॅनर्जींच्या जोडीने दुसरा गोल त्याने केला. सामना 2-1 असा आपण जिंकला. त्यालाही वगळता येत नाही.

आता आपल्या घरचा माणूस, नेव्हिल डिसोझा. मूळ गोव्याचा, खेळला मुंबईत. 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये यजमान ऑस्ट्रेलियाला आपण 4-2 असे हरवले, त्यांतले तीन गोल नेव्हिलचे. ऑलिंपिकमध्ये अशी हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई. पुढे युगोस्लाव्हियाविरुद्धही आपला एकुलता गोल त्याचाच. भारत चौथा आला. तेवढी मजल पुन्हा कधी मारता आली नाही. 1961 साली अर्जुन पुरस्कार सुरू झाले, पण ते नेव्हिलपर्यंत पोचले नाहीत, आणि 1980 साली तो गेला.

पुतण्याला येथे आनंद झाला. "पाहा, गोल करणाराच!" मी म्हटले, "बाळ, गोल करणारा म्हणून नव्हे, विसरला गेलेला म्हणून." एका दुपारची कामगिरी वीस वर्षांच्या सेवेपुढे उणी, असे कोणी म्हणेल. माझ्या मते दोन्ही मान निराळे आहेत. सेवेच्या मानाने पराक्रमाचा मान खाऊ नये, इतकेच.

आणि हे सारे ज्याने जुळवले तो? सय्यद अब्दुल रहीम, हैदराबादचे शाळामास्तर. 1951, 1956, 1962 या तिन्ही वेळी प्रशिक्षक तेच. त्यांच्या हैदराबाद पोलिसांनी मुंबईत येऊन 1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षे रोव्हर्स कप नेला. जाकार्ताला ते गेले तेव्हा कर्करोगाने त्यांना ग्रासले होते. 1963 च्या जूनमध्ये ते वारले. प्रशिक्षकांचा द्रोणाचार्य पुरस्कार सुरू झाला 1985 साली. मास्तरांच्या वाट्याला मान असाच उशिरा निघतो. माझा पहिला पाट त्यांना.

आता एक कबुली. आमच्या शाळेत उत्कृष्ट खेळाडूचा कप मीच ठरवतो. काही वर्षांपूर्वी तो मी सर्वांत जास्त गोल करणाऱ्या मुलाला दिला. मागे खेळणारा एक अबोल मुलगा त्या मोसमभर गुडघे फोडून घेत उभा होता. त्याने टाळ्या वाजवल्या, मला नमस्कार केला आणि घरी गेला. पुढच्या वर्षी तो मैदानावर आलाच नाही. मी विचारले, तर म्हणाला, "गुरुजी, अभ्यास असतो." पुतण्याशी इतक्या तावातावाने मी का भांडलो, ते त्याला कळले नसेल. भांडत होतो मी माझ्याशीच.

यंदा कप देण्याआधी मी मुलांनाच विचारले, "कोण नसता तर आपण हरलो असतो?" वर्गाने एका आवाजात एका बॅकचे नाव घेतले.