लंपी काय पाहतो?

विषयाची पाटी वाचून एका मित्राने मला दारातच गाठलं. म्हणाला, "दहा मिनिटांच्या कार्टूनवर व्याख्यान? तेही स्टार वॉर्सच्या सगळ्यात बदनाम कार्यक्रमातल्या?" मी म्हटलं, बदनाम आहे म्हणूनच. चांगल्या गोष्टी चांगल्या का असतात हे सांगणं अवघड असतं. पण वाईट गोष्टीच्या मधोमध एखादा चांगला तुकडा सापडला, तर तो शेजारच्या वाइटाला लावून पाहता येतो. मापायला पट्टी मिळते.

तर मुद्द्यावर येतो. 17 नोव्हेंबर 1978, शुक्रवार. अमेरिकेत सीबीएस वाहिनीवर जाहिरातींसकट दोन तासांचा 'स्टार वॉर्स हॉलिडे स्पेशल' दाखवला गेला. एकदाच. पुन्हा कधीच नाही. अधिकृतपणे तो अख्खा कार्यक्रम आजतागायत कुठल्याही स्वरूपात विकला गेलेला नाही. ज्यांनी पाहिला त्यांनी एक तर त्या रात्री पाहिला, नाही तर कुणी तरी घरी रेकॉर्ड केलेल्या फितीच्या नकलेची नक्कल पाहिली. मी दुसऱ्या वर्गातला. माझ्या वाट्याला आलेल्या नकलेत रंग इतके उतरले होते की अर्धा वेळ पडद्यावर केस दिसतायत की मुंग्या, तेच कळेना. (हशा)

हा 'स्पेशल' प्रकार काय आहे ते आधी थोडक्यात सांगतो, कारण आपल्याकडे टीव्हीवर तो तसा रुजला नाही. आपल्याला समजायला जवळची गोष्ट म्हणजे दिवाळी अंक. सण आला की नेहमीच्या अंकापेक्षा वेगळं, जरा सजवलेलं, घरातल्या सगळ्यांनी मिळून उघडायचं असं काही तरी. अमेरिकी टीव्हीवर नाताळच्या सुमारास तसे कार्यक्रम होत. 1964 मध्ये बाहुल्यांचा 'रुडॉल्फ' आला, 1965 मध्ये 'चार्ली ब्राउन', 1966 मध्ये 'ग्रिंच'. आता गंमत बघा, हे तिन्ही दर वर्षी पुन्हा पुन्हा दाखवले गेले. स्पेशलची खरी परीक्षा तीच आहे, पुढच्या वर्षी तो परत बघावासा वाटतो की नाही. दिवाळी अंक आपण जपून ठेवतो, पण दर दिवाळीला तोच काढून वाचत नाही. हे मात्र दर वर्षी तेच बघतात.

स्टार वॉर्सच्या स्पेशलमध्ये पहिली अडचण अशी की त्या जगात नाताळ नाही. येशूच नाही तर नाताळ कुठला? म्हणून एक सण तयार केला, 'लाइफ डे', वूकी लोकांचा. कल्पना वाईट नाही, उलट चांगलीच आहे. हान सोलो आणि चुबाका यांना सणाच्या दिवशी चुबाकाच्या घरी पोचायचंय आणि वाटेत साम्राज्याचे लोक आडवे येतायत. घरी बायको मॅला, म्हातारा बाप इची आणि मुलगा लंपी वाट बघतायत. (आपल्याकडे लम्पी म्हटलं की गुरांचा आजार आठवतो, त्याला माझा इलाज नाही.) सणाला घरचा माणूस पोचेल का, यापेक्षा साधी आणि पक्की गोष्ट कुठली? आपल्या प्रत्येकाच्या घरात दिवाळीला ती घडलेली असते. एसटी उशिरा येते आणि आई दारात उभी असते.

मग बिघडलं कुठे? सुरुवातीची कितीतरी मिनिटं हे वूकी कुटुंब आपसात बोलत राहतं. वूकी भाषेत. म्हणजे गुरगुर, हंबरणं, विव्हळणं. खाली अर्थ दिलेला नाही. प्रेक्षक बसलाय आणि तीन केसाळ प्राणी एकमेकांवर ओरडतायत. त्यानंतर त्या घराचा आणि त्या सणाचा काहीही संबंध नसलेले लोक येऊन आपापलं काम करून जातात. बिआ आर्थर गाते, हार्वी कॉर्मन स्वयंपाक शिकवतो, जेफरसन स्टारशिप नावाचा रॉक बँड वाजवून जातो, आणि शेवटी कॅरी फिशर स्टार वॉर्सच्या चालीवर सणाचं गाणं म्हणते. त्या काळी टीव्हीवर 'व्हरायटी शो' चालत, त्याच साच्यात हे सगळं ओतलं होतं. दिग्दर्शक डेव्हिड अकोंबा मधेच गेले आणि स्टीव्ह बाइंडर यांनी काम पुरं केलं. यातल्या एकेका कलाकाराला मी नावं ठेवणार नाही, ती आपापल्या कामातली पट्टीची माणसं होती. पण त्यांच्यासाठी ते जग म्हणजे मागे लावलेला पडदा होता. पडदा बदला, तोच कार्यक्रम दुसऱ्या कुठल्याही सणाला चालेल.

आणि या सगळ्याच्या मधोमध दहा मिनिटांचं कार्टून येतं.

ते केलं नेल्व्हाना नावाच्या टोरांटोतल्या छोट्या स्टुडिओने. मायकल हर्श, पॅट्रिक लूबेर आणि क्लाइव्ह स्मिथ या तिघांनी तो 1971 मध्ये सुरू केला. जॉर्ज लुकासने त्यांना बोलावलं ते त्यांचा 1977 चा 'अ कॉस्मिक ख्रिसमस' पाहून. म्हणजे परग्रहवासी आणि नाताळ यांची सांगड या मंडळींनी आधीच घालून पाहिली होती. त्यात तीन परग्रहवासी पृथ्वीवर येतात ते बेथलेहेमचा तारा काय होता याची चौकशी करायला! लुकासने त्यांना आणखी एक गोष्ट सांगितली. चित्रांची धाटणी फ्रेंच चित्रकार मोबियस, म्हणजे जाँ जिरो, याच्यासारखी हवी.

इथे थोडं थांबतो, कारण ही चित्रं पहिल्यांदा बघताना माणूस दचकतो. हान सोलोचा चेहरा भोपळ्याच्या वेलीवर लांबलेल्या दुधीसारखा ओढलेला आहे. सगळ्यांचं अंग हलताना वितळल्यासारखं वाटतं. ज्या ग्रहावर ते आदळतात तिथला समुद्र पाण्याचा नाही, जेलीसारखा घट्ट आहे. चित्रपटाशी हुबेहूब साम्य दाखवायचा यांचा इरादाच दिसत नाही. जरा हिशोब करा. सेकंदाला चोवीस फ्रेम, दहा मिनिटांच्या चौदा हजार चारशे. दोन फ्रेमला एक चित्र धरलं तरी सात हजारांच्या वर चित्रं, तीही हाताने काढलेली. एवढी मेहनत घेणारा माणूस फक्त नक्कल करत बसला तर त्याचा हात आखडतो. यांचा हात मोकळा आहे, आणि तो दिसतो.

गोष्ट अशी. हान आणि चुबाका एक ताईत घेऊन येतायत. त्या ताइतामुळे माणसाला झोपेचा रोग होतो. हान पडतो, मागोमाग ल्यूकही पडतो. रोग फक्त माणसांना होतो, त्यामुळे जागे राहतात ते चुबाका आणि दोन यंत्रमानव. अशा वेळी एक अनोळखी शिलेदार येतो. शिरस्त्राण घातलेला, एका अजस्र प्राण्यावर स्वार झालेला, हातात टोकाला दोन दाते फुटलेली बंदूक. तो ल्यूकचा जीव वाचवतो, मित्र म्हणवतो आणि औषध आणून देतो म्हणतो. चुबाकाचा त्याच्यावर विश्वास नाही. पण चुबाका बोलणार काय आणि ऐकणार कोण? तो हंबरतो, ओढाओढ करतो, त्याचं वागणं विचित्र दिसतं. शेवटी यंत्रमानवांच्या कानी एक चोरटा संदेश पडतो, आणि कळतं की हा शिलेदार डार्थ व्हेडरचा माणूस आहे. त्याचं नाव बोबा फेट.

हो, तोच. ज्याच्या नावाने पुढे मालिका निघाली तो बोबा फेट. सप्टेंबरमध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन अन्सेल्मो गावच्या मिरवणुकीत त्याचा पोशाख लोकांनी पाहिला होता, पण पडद्यावर तो पहिल्यांदा आला इथे. चित्रपटात तो 1980 मध्ये येतो.

पण मला बोबा फेटपेक्षा चुबाकाबद्दल बोलायचंय. बघा, मुख्य कार्यक्रम कशावर आपटला? वूकी काय म्हणतोय ते आपल्याला कळत नाही यावर. आणि कार्टून कशावर उभं आहे? नेमकं त्याच गोष्टीवर! ज्याला खरं ठाऊक आहे त्याला ते सांगता येत नाही, कारण त्याची भाषा कुणाला समजत नाही. तिथे जो दोष होता तो इथे कथेचा कणा झालाय. नेल्व्हानाच्या लोकांनी त्या जगातली एक अडचण उचलली आणि विचारलं, ही अडचण खरोखर कुणाला भोवेल? माझ्या मते सगळा फरक इथे आहे. प्रिय जगाचं 'स्पेशल' करायला बसलेल्या माणसाने त्या जगाची सजावट वापरायची की त्या जगाची अडचण वापरायची, हा तो प्रश्न.

आता हे कार्टून कोण बघतंय ते पाहा. आपण बघतोयच, पण आपल्या आधी लंपी बघतोय. साम्राज्याचे सैनिक घरात घुसलेत, झडती चाललीय, बाप आलेला नाही. पोराने गप्प बसावं म्हणून त्याच्यासमोर हा पडदा आहे. आणि पडद्यावर त्याचाच बाप आहे! बंडखोरांचं कार्टून त्यांच्याच जगात आलं कुठून, कुणी काढलं, याचा खुलासा कुणी करत नाही. तर्काला ते अजिबात टिकत नाही. पण भावनेला पक्कं टिकतं. बाप सणाला घरी पोचलेला नाही आणि मुलगा त्याला बघतोय. कुणी ऐकत नसतानाही तो इमानदार राहिला, शेवटी त्याचंच खरं ठरलं. शिवाय त्याला हेही कळतं की गोड बोलून घरात येणारा प्रत्येक जण मित्र नसतो. तेव्हा त्याच्या घरात बंदुका घेतलेली माणसं फिरतायत. सणाच्या कार्यक्रमात मुलाला हे सांगायची हिंमत लागते.

कुणी म्हणेल, अहो, ही जाहिरात होती. होतीच. 1977 च्या नाताळात केनर कंपनीची खेळणी तयार नव्हती, म्हणून तिने दुकानांत रिकामी पाकिटं विकली. आत फक्त एक प्रमाणपत्र, की बाहुल्या नंतर पाठवू. रिकामं पाकीट घेऊन लोक घरी गेले, इतकी त्या चित्रपटाची ओढ होती. पुढच्या चित्रपटापर्यंत ती ओढ टिकवायची, हा स्पेशलचा धंदा होता. बोबा फेटची बाहुलीही पुढे इतर बाहुल्यांच्या खरेदीचे पुरावे पाठवल्यावर टपालाने मिळायची. हे सगळं मान्य. पण जाहिरात म्हटल्याने पूर्ण उत्तर मिळत नाही. त्या रात्रीचे पूर्ण दोन तास जाहिरातच होते, मग त्यातली दहा मिनिटंच का जगली? 2021 मध्ये डिस्ने प्लसवर आलं ते हे कार्टूनच, 'द स्टोरी ऑफ द फेथफुल वूकी' या नावाने. बाकीचा कार्यक्रम कपाटातच राहिला.

आता 2020. तारीख तीच, 17 नोव्हेंबर, बेचाळीस वर्षांनी, आणि डिस्ने प्लसवर 'लेगो स्टार वॉर्स हॉलिडे स्पेशल'. या वेळी सगळंच ऍनिमेशन, संगणकावरचं, लेगोच्या ठोकळ्यांचं. दिग्दर्शक केन कनिंगहॅम, लेखक डेव्हिड शेन. इथेही लाइफ डे आहे, चुबाकाचं कुटुंब आहे. रे फिनला जेडाय विद्या शिकवतेय आणि आपण गुरू म्हणून कमी पडतोय असं तिला वाटतं. मग एक किल्ली मिळते, तिने काळात मागेपुढे जाता येतं, आणि ती जुन्या चित्रपटांतून फिरून येते.

मी हसलो, खोटं कशाला बोलू. व्हेडर सम्राटाला भेट म्हणून 'आकाशगंगेतला सर्वोत्तम सम्राट' असा चहाचा मग देतो, तिथे मोठ्याने हसलो. रचना घट्ट आहे, एक मिनिट फुकट जात नाही, 1978 च्या चुकांची थट्टाही प्रेमाने केलीय. कारागिरीच्या मापाने हे स्पेशल त्या जुन्याच्या कितीतरी वर आहे.

तरी ते बघून उठलो तेव्हा हातात काही नव्हतं. प्रत्येक विनोद मला आधीच ठाऊक असलेल्या प्रसंगावर होता. रे जिथे जाते तिथे मी आधी जाऊन आलो होतो. लेगोच्या माणसाचं डोकं निघालं तर परत बसतं, तसंच इथे प्रत्येक गोष्ट आपल्या जागी परत बसते. करणाऱ्यांचा हा एकट्यांचा दोष नाही. नेल्व्हानासमोर एकच चित्रपट होता, बाकी नकाशा कोरा. समुद्र जेलीचा करा, कुणी विचारणार नव्हतं. 2020 वाल्यांसमोर नऊ मुख्य चित्रपट होते, शिवाय मालिका, पुस्तकं, खेळ आणि हे सगळं पाठ असलेले तुमच्या-माझ्यासारखे लोक. भरलेल्या घरात नवीन सामान ठेवायचं कुठे? त्यांनी फडताळं उघडून जुनंच सामान छान पुसून दाखवलं.

मला राग येतो तो आपला, चाहत्यांचा. आपणच ओळखीची वस्तू दिसली की टाळ्या वाजवतो. 2019 च्या 'मँडलोरियन'मध्ये त्या दोन दात्यांच्या बंदुकीसारखी बंदूक दिसली तेव्हा मीही वाजवल्या. ती बंदूक 1978 मध्ये कुणी तरी कोऱ्या कागदावर काढली तेव्हा ती कुणाच्याच ओळखीची नव्हती. टाळ्या त्या कागदासाठी वाजायला हव्या होत्या.

जुन्या कार्यक्रमातला आणखी एक प्रसंग सांगून थांबतो, पुढचं पडद्यावर. झडतीत सैनिक लंपीच्या खोलीत शिरतात आणि नासधूस करतात. नंतर त्याला त्याच्या लाडक्या कापडी बँथाचं मुंडकं तुटलेलं सापडतं. त्या दोन तासांत कार्टूनखेरीज मला खरं वाटलेलं दृश्य हे एवढंच. बाप अजून आलेला नाही, खेळणं मोडलंय, आणि वूकी पोरगं जो आवाज काढतं त्याला खाली अर्थ द्यायची गरज पडत नाही.

चला, ती दहा मिनिटं आता बघू या. मागचे दोन दिवे बंद करा, जमल्यास. शेवटच्या रांगेत आवाज येतोय ना? नाही तर पुढे या, जागा आहे.