‘सर्वोत्तम दर्शना’ची अट : ब्राउझर, मराठी लिपी आणि सुसंगततेचा प्रश्न

प्रस्तावना

या शतकाच्या पहिल्या दशकात मराठी संकेतस्थळांच्या तळाशी, बहुधा भेट देणाऱ्यांची संख्या मोजणाऱ्या आकड्यांच्या शेजारी, एक ओळ हमखास आढळत असे. प्रस्तुत संकेतस्थळ इंटरनेट एक्सप्लोररच्या अमुक आवृत्तीत व ८०० गुणिले ६०० च्या पडद्यावर उत्तम दिसेल, अशा आशयाची ती सूचना होती. वृत्तपत्रे, शासकीय कार्यालये, विद्यापीठे आणि आपली महाविद्यालये यांपैकी कोणीही तिला अपवाद नव्हते. ही ओळ सौजन्याची वाटते. वस्तुतः ती एक अट आहे. मजकूर वाचकापर्यंत नीट पोहोचविण्याची जी जबाबदारी प्रकाशकाची असते ती या ओळीने अलगद वाचकाच्या पदरात टाकली. मुद्रित ग्रंथाच्या पहिल्या पानावर ‘हा ग्रंथ अमुक दुकानातील चष्म्यानेच वाचावा’ असे छापलेले आपण चालवून घेतले असते काय? महाजालावर मात्र ते चालले, आणि मराठीत ते इतर भाषांपेक्षा अधिक खोलवर रुजले. असे का झाले आणि त्याची किंमत कोणी मोजली, याची चिकित्सा करणे हा या लेखाचा हेतू आहे.

ब्राउझरसाठी मराठीत ‘न्याहाळक’ हा प्रतिशब्द सुचविला गेला. शब्द देखणा आहे, पण दिशाभूल करणारा आहे. न्याहाळतो तो वाचक. ब्राउझर हा दाखविणारा आहे आणि काय दाखवायचे, काय नाही, हे पुष्कळदा तोच ठरवितो.

एका मक्तेदारीची पार्श्वभूमी

नेटस्केप आणि मायक्रोसॉफ्ट यांच्यातील स्पर्धेचा इतिहास सुपरिचित आहे. त्याची पुनरुक्ती येथे अनावश्यक आहे. १९९८ साली अमेरिकी शासनाने मायक्रोसॉफ्टविरुद्ध मक्तेदारीचा खटला दाखल केला. २००० साली कंपनीच्या विभाजनाचा आदेश निघाला. २००१ मध्ये तो अपिलात टिकला नाही व अखेर तडजोड झाली. तोवर स्पर्धा प्रत्यक्षात संपली होती. ऑगस्ट २००१ मध्ये इंटरनेट एक्सप्लोररची सहावी आवृत्ती आली, आणि सातवी आवृत्ती येण्यास ऑक्टोबर २००६ उजाडला. मधली पाच वर्षे जगातील बहुसंख्य वाचक एकाच, जवळजवळ गोठलेल्या साधनातून महाजाल पाहात होते. मानकांपासून ते साधन जेथे ढळले होते, तेथे संकेतस्थळे बांधणारेही त्याच्यामागे ढळले. चूक सार्वत्रिक झाली की तीच प्रथा होते. व्याकरणाच्या अध्यापकांना हे वेगळे सांगावयास नको.

मराठी अक्षरांचे गहाणखत

मराठीपुरते पाहिले तर या प्रश्नाचे मूळ पानाच्या मांडणीत नव्हते, लिपीतच होते. १९९८-९९ च्या सुमारास घरोघरी व सायबर कॅफेत जी विंडोज ९८ प्रणाली होती तिला देवनागरीची जोडाक्षरे मुळीच मांडता येत नसत. युनिकोडमध्ये देवनागरीला स्थान मिळाले होते व भारतीय मानक म्हणून इस्की १९९१ पासून उपलब्ध होते. परंतु कागदावरील मानक आणि वाचकाच्या पडद्यावरील अक्षर यांत मोठे अंतर होते. मराठी प्रकाशकांनी ते अंतर एका युक्तीने ओलांडले. मुद्रणासाठी जे टंक वापरात होते त्यांत रोमन अक्षरांच्या सांकेतिक जागी देवनागरीचे तुकडे, म्हणजे काना, वेलांटी, अर्धा क, रफार, बसविलेले असत. संगणकाच्या दृष्टीने तो मजकूर रोमन अक्षरांचा व चिन्हांचा निरर्थक समूहच होता. केवळ त्यावर चढविलेल्या टंकामुळे तो मराठी दिसत असे.

वाचकाच्या संगणकावर तो टंक नसेल तर काय करावे? मायक्रोसॉफ्टने १९९७ च्या चौथ्या आवृत्तीपासून त्यावर उपाय दिला होता. पानासोबत टंकही आपोआप उतरवून घेण्याची ती सोय होती व तिला ‘डायनॅमिक फाँट’ म्हणत. त्या टंकाची धारिका खास स्वरूपाची असे आणि ती बहुधा ठरावीक संकेतस्थळाच्या पत्त्याशी बांधलेली असे, जेणेकरून टंक चोरीस जाऊ नये. नेटस्केपने वेगळेच स्वरूप स्वीकारले होते व पुढे ते नामशेष झाले. परिणामी मराठी वाचणे म्हणजे इंटरनेट एक्सप्लोररमध्ये वाचणे, असे समीकरण बनले. २००४ च्या नोव्हेंबरात फायरफॉक्सची पहिली आवृत्ती आली तेव्हा इंग्रजी वाचकास ती सुरक्षित पर्याय म्हणून वापरता आली. मराठी वाचकाने त्याच ब्राउझरमध्ये आपले वृत्तपत्र उघडले की त्यास रोमन अक्षरांची खिचडी दिसे. फायरफॉक्ससाठी ‘पद्म’ नावाची एक जोडणी उपलब्ध होती. ती काही भारतीय टंकांतील मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून दाखवी. पण ती ठाऊक असणारे वाचक मूठभरच होते.

या काळातील प्रकाशकांना सरसकट दोष देणे अन्यायाचे ठरेल. १९९८ मध्ये त्यांच्यासमोर दुसरा व्यवहार्य मार्ग नव्हता, आणि परदेशस्थ मराठी माणसास सकाळी गावाकडची बातमी मिळाली ती या युक्तीमुळेच. आक्षेप घ्यावयाचा तो नंतरच्या दिरंगाईवर. विंडोज २००० व एक्सपी या प्रणालींत देवनागरीची मांडणी व ‘मंगल’ हा टंक उपलब्ध झाला होता. एक्सपीमध्ये त्यासाठी एक खूण करून मूळ तबकडी घालावी लागे, एवढेच. मराठी विकिपीडिया २००३ पासून युनिकोडमध्येच उभा राहिला. हे शक्य असल्याचा पुरावा समोर असताना अनेक संस्था पुढे कित्येक वर्षे जुन्या टंकास चिकटून राहिल्या. ‘आपल्या वाचकाला ते जमणार नाही’, असे कारण तेव्हा दिले जाई. हे कारण वाचकास न विचारता दिले जात होते, हे नमूद करणे आवश्यक आहे.

या व्यवस्थेत दिसणे साधले, पण वाचनाची इतर सर्व अंगे लुळी पडली. शोधयंत्राला तो मजकूर मराठी असल्याचे कळत नसे. उतारा उचलून दुसरीकडे ठेवला की तो विरघळे. अंध विद्यार्थ्यांसाठीच्या वाचक-प्रणालीस त्यातून काहीही बोध होत नसे. प्रस्तुत लेखकाने त्या काळी अध्यापनासाठी काही लेख फ्लॉपीवर जतन केले होते. वर्गात ते उघडले तेव्हा एकही मराठी अक्षर दिसले नाही, कारण टंक मूळ पत्त्याशी बांधलेला होता आणि फ्लॉपीला तो पत्ता नव्हता.

सुरक्षेसाठी असुरक्षा

दुसरी बाजू सुरक्षिततेची आहे. सहाव्या आवृत्तीतील ‘ॲक्टिव्हएक्स’ ही सोय संकेतस्थळावरून आलेल्या आज्ञावलीला संगणकावर जवळजवळ घरच्या माणसाइतके अधिकार देत असे. वाचकाने एकदा ‘होय’ म्हटले की दार उघडले. जून २००४ मध्ये या ब्राउझरमधील त्रुटींचा लाभ घेणारा ‘डाउनलोड डॉट जेक्ट’ हा हल्ला झाला. तेव्हा अमेरिकेच्या शासकीय संगणक-आपत्ती यंत्रणेने सुचविलेल्या उपायांत वेगळा ब्राउझर वापरणे हाही एक उपाय होता. जानेवारी २०१० मध्ये गुगलने आपल्यावर झालेला हल्ला जाहीर केला. त्यात इंटरनेट एक्सप्लोररमधील तोवर अज्ञात असलेली त्रुटी वापरली गेली होती. त्यानंतर जर्मनी व फ्रान्स येथील शासकीय यंत्रणांनी दुरुस्ती येईपर्यंत हा ब्राउझर टाळण्याचा सल्ला दिला. म्हणजे ज्या खिडकीतूनच मराठी वाचता येते असे आपण वाचकास सांगत होतो, तीच खिडकी बंद करण्याचे सल्ले अन्यत्र दिले जात होते. या दोन वाक्यांची भेट मराठी नियतकालिकांत क्वचितच झाली.

याहून मोठी विसंगती कार्यालयीन व्यवहारात होती. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० याने डिजिटल स्वाक्षरीस मान्यता दिली. ती स्वाक्षरी अर्जावर उमटविण्यासाठी अनेक संकेतस्थळांनी ॲक्टिव्हएक्स किंवा जावा यांचा आधार घेतला. एका कार्यालयाच्या संकेतस्थळावर अर्ज भरण्यासाठी मिळालेले सूचनापत्र प्रस्तुत लेखकाने वाचलेले आहे. त्यात ब्राउझरची सुरक्षा-पातळी खाली आणावी, सर्व नियंत्रणांस अनुमती द्यावी व अद्ययावतीकरण बंद ठेवावे, असे क्रमाने सांगितले होते. स्वाक्षरीची विश्वासार्हता सिद्ध करण्यासाठी आधी संगणक अविश्वासार्ह करावा, असा हा मार्ग! आमच्या लेखनिकाने ते निमूटपणे केले, कारण मुदत संपत आली होती. पुढे क्रोमने २०१५ मध्ये व फायरफॉक्सने २०१७ मध्ये जावासारख्या बाह्य जोडण्यांचा आधार काढून घेतला. तेव्हा अशा अर्जांसाठी कोपऱ्यात एक जुना संगणक राखून ठेवण्याची प्रथा पडली, आणि त्याच संगणकावर वेतनपत्रकेही असत.

हा केवळ भारतीय दोष नव्हे. दक्षिण कोरियाने १९९० च्या दशकाच्या अखेरीस स्वतःची सांकेतिक पद्धती निर्माण केली व ती ॲक्टिव्हएक्सच्या द्वारे बँकव्यवहारात आणली. सुरक्षेच्या उत्तम हेतूने केलेल्या त्या निवडीमुळे संपूर्ण देश एका ब्राउझरला बांधला गेला. तेथील अधिकृत प्रमाणपत्रांची विशेष कायदेशीर मान्यता डिसेंबर २०२० मध्ये संपुष्टात आली. पण त्यास वीस वर्षे लागली.

युनिकोडने सर्व सुटले काय?

‘युनिकोड आले आणि प्रश्न मिटला’, असे विधान परिसंवादांतून वारंवार ऐकू येते. ते अर्धसत्य आहे. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ या दोन शब्दांतील भेद मराठी भाषकास सांगावा लागत नाही. पहिल्यात गुरुजनांना बोलावले जाते, दुसऱ्यात स्वयंपाक्यांना. दुसऱ्या शब्दातील अर्धा र, ज्यास संगणक-क्षेत्रात पापणीची उपमा देतात, दोन प्रकारे साठविता येतो. एकात नुक्ता असलेला र वापरतात, दुसऱ्यात साधा र व त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही एकच दिसतात. शोध घेताना मात्र एक लिहिले तर दुसरे सापडेलच असे नाही. ‘ॲ’ या अक्षरास स्वतंत्र स्थान २००८ च्या ५.१ आवृत्तीत मिळाले. त्यामुळे आधीच्या मजकुरात ते अ व चंद्र यांच्या जोडीने किंवा हिंदी पद्धतीच्या ‘ऍ’ ने लिहिलेले आढळते. मराठी वळणाचा ल आणि श दाखविण्यासाठी टंकात तशी सोय हवी, पानावर भाषा मराठी असल्याची खूण हवी व ब्राउझरनेही ती मानावयास हवी. यांतील एकही कडी निखळली तर अक्षर हिंदी वळणाचे उमटते, आणि बहुतेक संकेतस्थळांवर ती खूण केलेलीच नसते.

लिपी आणि सुरक्षा यांची गाठ आणखी एका ठिकाणी पडते. २००५ मध्ये सिरिलिक लिपीतील ‘अ’सदृश अक्षर वापरून एका प्रसिद्ध संकेतस्थळाचा हुबेहूब खोटा पत्ता तयार करता येतो, हे संशोधकांनी दाखवून दिले. त्यानंतर ब्राउझरांनी संशयास्पद मिश्र पत्ते रोमन संकेतांत दाखविण्यास आरंभ केला. तो योग्यच होता. २०१४ मध्ये देवनागरीत ‘.भारत’ हे क्षेत्रनाम सुरू झाले तेव्हा त्याचा प्रवेश अशा सावध झालेल्या व्यवस्थेत झाला. देवनागरी पत्ता कोठे देवनागरीत दिसावा व कोठे संकेतांत, याचे नियम ब्राउझर बनविणाऱ्या कंपन्यांनी आपापले ठरविले.

अद्ययावतीकरणाची नवी सक्ती

आजची स्थिती उलट्या टोकाची आहे. सप्टेंबर २००८ मध्ये आलेल्या क्रोमने वाचकास न विचारता पार्श्वभूमीत स्वतःस अद्ययावत करण्याची पद्धत रूढ केली. २०१० पासून साधारण सहा आठवड्यांनी व २०२१ पासून चार आठवड्यांनी नवी आवृत्ती, असा क्रम लागला. सुरक्षेच्या दृष्टीने ही मोठी सुधारणा होय, याविषयी दुमत नसावे. पाच वर्षे गोठलेल्या ब्राउझरचा अनुभव घेतलेल्या पिढीने तरी तिची कुरकुर करू नये. परंतु अद्ययावत होण्याचा हक्क यंत्राच्या वयावर अवलंबून राहिला. फेब्रुवारी २०२३ मध्ये क्रोमच्या ११० व्या आवृत्तीने विंडोज ७ व ८.१ चा आधार सोडला. ज्या प्रयोगशाळांतील संगणक एका अनुदान-योजनेत आले आणि दुसरी योजना येईपर्यंत तेच राहिले, त्यांच्यासाठी हा निर्णय तांत्रिक नाही, आर्थिक आहे. फ्लॅशचा आधार डिसेंबर २०२० अखेर संपला तेव्हा त्यावर तयार केलेले शैक्षणिक साहित्यही असेच मुके झाले.

सुसंगतता आता पुष्कळशी साधली आहे, हे खरे. तिचे श्रेय काही अंशी मानकांचे, काही अंशी एकजिनसीपणाचे आहे. ऑपेराने २०१३ मध्ये स्वतःचे अंतरंग टाकून दिले. जानेवारी २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टचा एजही क्रोमियमवर आला. आता तळाशी ती जुनी सूचना लिहिण्याची गरज पडत नाही, कारण फायरफॉक्स वा सफारीत तपासून पाहण्याचीच गरज कित्येकांस वाटेनाशी झाली आहे. ऑनलाइन परीक्षांच्या सूचनापत्रांत मात्र ती सूचना ठळक अक्षरांत परतली आहे, केवळ ब्राउझरचे नाव बदलले आहे.

अवशिष्ट मजकूर

इंटरनेट एक्सप्लोरर जून २०२२ मध्ये निवृत्त झाला. एज ब्राउझरमधील त्याची अनुकरण-पद्धती सोडली, तर ते पत्त्याशी बांधलेले टंक उघडणारे प्रचलित साधन आता उरलेले नाही. ‘वेबॅक मशीन’सारख्या संग्रहात २००० च्या आसपासची मराठी पाने आजही सापडतात. त्यांतील चित्रे दिसतात, तारखा दिसतात, मथळ्याच्या जागी मात्र रोमन अक्षरांची आरास असते. संग्रहाचा पत्ता मूळ पत्त्याहून भिन्न असल्यामुळे, टंकाची धारिका सुदैवाने जतन झाली असली तरी ती उघडणे नाकारते. हा मजकूर परत मिळवावयाचा तर प्रत्येक टंकासाठी स्वतंत्र रूपांतर-कोष्टक लागेल. कोणत्या संकेतास कोणता तुकडा, हे सांगणारी ती कोष्टके त्या काळी टंकनिर्मात्यांकडे व वृत्तपत्रांच्या संगणक-विभागांकडे होती. आपल्या नियतकालिकाचे आरंभीचे अंकही मुद्रणासाठी श्रीलिपीत जुळविलेले असून त्यांच्या तबकड्या ग्रंथालयाच्या कपाटात आहेत. मराठी व संगणकशास्त्र विभागांनी त्या तबकड्यांपासून आरंभ केल्यास एका टंकाचे कोष्टक एका सत्रात विद्यार्थ्यांकडून पूर्ण करून घेता येईल. ताळा पाहण्यासाठी छापील अंक शेजारच्या फडताळात आहेतच.