आज्ञापत्रातील ‘टोपीकर’

रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’तील टोपीकरांविषयीचा मजकूर आंतरराष्ट्रीय सत्ताकारणाच्या चर्चेत पुष्कळदा भविष्यवाणी म्हणून पुढे केला जातो. या स्तुतीने ग्रंथास न्याय मिळत नाही. १७१५-१६ च्या सुमारास तो सिद्ध झाला, तेव्हा पोर्तुगीजांना गोव्यात येऊन दोनशे वर्षे होऊन गेली होती आणि मुंबई १६६८ पासून इंग्रज कंपनीकडे होती. अमात्यांनी पुढचे पाहिले म्हणण्यापेक्षा समोरचे नीट पाहिले, असे म्हणणे अधिक युक्त होय.

त्यांचे यश वर्गीकरणात आहे. सावकार ही राज्याची शोभा, त्यांना आणून वसवावे, असे सांगत असतानाच ते फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरांसीस व डिंगमार (म्हणजे डेन्मार्कचे लोक) यांना त्या वर्गापासून निराळे काढतात. कारण, या व्यापाऱ्यांच्या पाठीशी त्यांची राज्ये उभी असतात. म्हणून समुद्रकाठी, खाडीच्या मुखाशी त्यांना जागा देऊ नये; देणे भागच पडल्यास किनाऱ्यापासून चार-आठ कोस आत द्यावी. ‘सावकार’ या शब्दाखाली दडलेले राज्य येथे उघडे पडते.

या भेदाचे महत्त्व साताऱ्याकडील रहिमतपूरसारख्या गावावरून ध्यानी येते. अरबी ‘रहमत’ आणि संस्कृत ‘पूर’ यांच्या जोडातून झालेले हे नाव. आदिलशाही सरदार रणदुल्लाखानाची समजली जाणारी कबर तेथे आहे. ती सत्ता खुष्कीने आली, सरदार म्हणूनच आली आणि येथल्या भाषेत मुरली. (अमात्यांच्या गद्यातही फारसी शब्द थोडे नाहीत.) तिला ओळखण्यास नवा निकष नको होता, वखारीला हवा होता.

तथापि या विवेचनात एक मोठी उणीव आहे. ग्रंथ कोल्हापूरच्या संभाजीराजांसाठी लिहिलेला, म्हणजे सातारा-कोल्हापूर दुफळीच्या ऐन काळातला. तरीही सावकार-प्रकरणात राज्य एकसंध आणि धोका बाहेरचा, असेच गृहीत धरले आहे. घरचाच एक पक्ष दुसऱ्याविरुद्ध टोपीकरांस बोलावील, हा विचार तेथे शिरत नाही. २०१७ साली श्रीलंकेने हंबनटोटा बंदर ९९ वर्षांच्या पट्ट्याने चिनी कंपनीस दिले, त्या प्रसंगास ‘आज्ञापत्र’ थेट लावणे याच कारणाने अपुरे ठरते. ते बंदर कोणी बळकावले नव्हते; तेथल्या सरकारनेच करार केला होता.

मराठ्यांच्या इतिहासात याचा दाखला चाळीस वर्षांतच मिळाला. १७५६ मध्ये नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांच्या साह्याने तुळाजी आंग्र्यांचा पाडाव केला. ज्या आरमारास अमात्यांनी स्वतंत्र राज्यांग मानले, त्यातले आंग्र्यांचे आरमार विजयदुर्गाच्या बंदरात जळाले. त्याच वर्षीच्या तहाने सावित्रीच्या मुखावरील बाणकोट कंपनीकडे राहिले.