व्यक्तिगत अनुदिनी : दैनंदिन कटकटी आणि ललितगद्याचे बदलते रूप

बीजशब्द : अनुदिनी, समाजमाध्यमे, ललितगद्य, प्रतिसाद, युनिकोड, जतन

प्रस्तावना

‘वेबलॉग’ हा शब्द १९९७ मध्ये वापरात आला आणि १९९९ मध्ये त्याचे ‘ब्लॉग’ हे आटोपशीर रूप रूढ होऊ लागले. त्याच वर्षी ‘ब्लॉगर’ ही सेवा सुरू झाली. मराठीत या लेखनप्रकारासाठी ‘अनुदिनी’, ‘जालनिशी’ असे प्रतिशब्द योजले गेले. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात नोकरीनिमित्त परदेशी गेलेले अभियंते, गृहिणी, शिक्षक, विद्यार्थी अशा विविध स्तरांतील मराठी माणसांनी अनुदिनीत लिहिले आणि पुढे त्यांच्यापैकी अनेकजण फेसबुकसारख्या समाजमाध्यमांकडे वळले.

या लेखनाविषयी मराठी समीक्षेत साधारणतः दोन भूमिका आढळतात. संपादनाचा संस्कार नसल्याने हे लेखन वाङ्मय या संज्ञेस पात्र नाही, अशी एक भूमिका. आणि लेखनाचे लोकशाहीकरण झाले, म्हणून त्याचे स्वागतच करावे, ही दुसरी. दोन्ही भूमिकांमध्ये एक गोष्ट निसटते. अनुदिनी चालवणाऱ्या व्यक्तीला रोज ज्या लहानसहान कटकटींना तोंड द्यावे लागते, त्या लेखनाच्या बाहेरच्या गोष्टी मानल्या जातात. वस्तुतः या कटकटींनीच या गद्याचे रूप, सूर आणि आयुष्य ठरवले आहे. प्रस्तुत लेखात याच मुद्द्याचा विचार केला आहे.

१. एकहाती नियतकालिकाची परंपरा

एकाच व्यक्तीने सातत्याने लिहावे आणि ते ठरावीक अंतराने वाचकांपर्यंत जावे, ही कल्पना मराठीला नवी नाही. गोपाळ हरी देशमुख यांनी १८४८ पासून ‘प्रभाकर’ या साप्ताहिकात ‘लोकहितवादी’ या टोपणनावाने पत्रे लिहिली. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी १८७४ मध्ये ‘निबंधमाला’ सुरू केली आणि तिचे ८४ अंक काढले. या मासिकाचा विषय, सूर आणि मर्यादा या सर्वांवर एकाच लेखकाची मुद्रा होती. या अर्थाने अनुदिनी ही ‘निबंधमाले’ची दूरची वारसदार ठरते.

तथापि या साम्याला मर्यादा आहेत. मासिकाचे अंक पहिल्यापासून पुढे जातात. रोजनिशीही पहिल्या पानापासून वाचली जाते. अनुदिनीत मात्र सर्वांत नवी नोंद सर्वांत वर आणि जुनी तळाशी असते. शिवाय बहुतेक वाचक मुखपृष्ठावरून येत नाही. कोणीतरी पाठवलेल्या दुव्यावरून मधल्याच एखाद्या नोंदीवर येऊन पडतो. त्यामुळे लेखकाला प्रत्येक वेळी स्वतःचा परिचय नव्याने करून द्यावा लागतो. मागच्या लेखावर पुढचा लेख उभा करण्याची जी सोय चिपळूणकरांना होती, ती येथे राहत नाही. अनुदिनीतील बरेचसे ललितगद्य सुटे, स्वयंपूर्ण आणि पुनरुक्तीने भरलेले का वाटते, याचे एक उत्तर लेखकाच्या प्रतिभेत नसून या उलट्या कालक्रमात आहे.

२. लिपीची अडचण

मराठी अनुदिनीकाराची पहिली झुंज लिपीशी होती. युनिकोडचा वापर रुळण्यापूर्वी प्रत्येक टंकाची स्वतःची संकेतप्रणाली असे. एका टंकात लिहिलेला मजकूर तो टंक नसलेल्या संगणकावर उघडला की अर्थहीन चिन्हांची रांग दिसे. युनिकोडने हा प्रश्न बव्हंशी सोडवला. परंतु मराठीच्या खास गरजा काही काळ मागेच राहिल्या. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ या दोन शब्दांतील भेद मराठी माणसाला सांगावा लागत नाही. पण त्यातील दुसऱ्या शब्दातला अर्धा ‘र’ कसा उमटवायचा हे ठाऊक नसले, की स्वयंपाकघरातील आचाऱ्यांना थेट आचार्यपद प्राप्त होई.

‘ॲ’ या अक्षराची कथाही अशीच आहे. त्याला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत. तत्पूर्वी ‘अ’वर अर्धचंद्र जोडून ते लिहावे लागे आणि ती सवय पुढेही टिकली. डोळ्यांना ही दोन्ही रूपे सारखीच दिसतात. संगणकाच्या लेखी मात्र ती भिन्न आहेत. परिणामी एका पद्धतीने लिहिलेला शब्द दुसऱ्या पद्धतीने शोधल्यास तो सापडेलच याची खात्री नसते.

या अडचणींचा शैलीवर परिणाम होणे अपरिहार्य होते. जो शब्द उमटत नाही तो टाळावा, त्याऐवजी सोपा शब्द घ्यावा, जोडाक्षरांची गर्दी नको, अशी तडजोड लेखक नकळत करतो. अनुदिनीतील भाषा साधी असल्याचे श्रेय अनेकदा लेखकाच्या वृत्तीला दिले जाते. त्यातील काही वाटा कळफलकाचाही आहे, हे समीक्षेने नोंदवले पाहिजे.

३. क्षमायाचनेची नोंद

व्यक्तिगत अनुदिन्या चाळताना एक नोंद वारंवार भेटते. बऱ्याच दिवसांत लिहिणे झाले नाही, कामाचा व्याप होता, आता नियमित लिहिण्याचा विचार आहे, असा तिचा आशय असतो. कित्येक अनुदिन्यांमध्ये हीच शेवटची नोंद ठरते. वरवर पाहता ही किरकोळ बाब आहे. परंतु येथे क्षमा कोणाची मागितली जाते, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. नियतकालिकाच्या संपादकाला वर्गणीदारांना जाब द्यावा लागतो. अनुदिनीकाराने कोणाकडून वर्गणी घेतलेली नसते आणि कोणाला वचनही दिलेले नसते. तरीही तो अपराधी भावनेने लिहितो, कारण लेखक, संपादक, मुद्रितशोधक आणि वितरक या चारही भूमिका त्याच्या एकट्याकडे आहेत. त्याच्यातला संपादक त्याच्यातल्या लेखकाकडे मजकुराचा तगादा लावतो. क्षमायाचनेची ही नोंद म्हणजे त्या अंतर्गत तगाद्याचा दस्तऐवज होय. छापील ललितगद्यात ती सहसा आढळत नाही, कारण तेथे हे काम दुसरी व्यक्ती करत असते.

४. प्रतिसाद आणि वाचकाची कल्पना

ललितनिबंध हा प्रकार एका गृहीतावर उभा असतो. ना. सी. फडके यांनी आपल्या निबंधांच्या संग्रहाला ‘गुजगोष्टी’ हे नाव दिले, त्यातच ते गृहीत सूचित होते. लेखक एका जिवलग वाचकाशी हलक्या आवाजात बोलतो आहे, असा तो भास असतो. सुरुवातीच्या अनुदिनीत हा भास काही प्रमाणात टिकला होता. वाचक थोडे होते, अनेकदा टोपणनावाने येत. पण सविस्तर लिहीत.

समाजमाध्यमांनी या रचनेत मूलभूत बदल केला. फेसबुकवर २००९ मध्ये ‘लाइक’चे बटण आले आणि प्रतिसाद वाक्यातून अंकात गेला. पितृनिधनावर लिहिलेल्या मजकुरावरही वाचकाला ‘आवडले’ एवढीच खूण करता येई. त्यात इतर भावमुद्रांची भर पडली ती २०१६ मध्ये. जे वाचक शब्दांत लिहितात तेही ‘छान’, ‘मस्त’, ‘अप्रतिम’ यांपलीकडे क्वचितच जातात. लेखकाला यातून काय हाती लागते? कोणते वाक्य पोचले आणि कोणते पोचले नाही, हे त्याला कळत नाही. दुसरीकडे शून्य प्रतिसादाचा अर्थ लावणेही अवघड होते. मजकूर कोणाला आवडला नाही, की तो कोणाच्या दृष्टीसच पडला नाही? कोणता मजकूर कोणाला दाखवायचा हे माध्यमाची गणिती प्रणाली ठरवत असल्याने या प्रश्नाचे उत्तर लेखकाकडे नसते.

याहून गंभीर बदल वाचकवर्गाच्या स्वरूपात झाला आहे. एकाच भिंतीवर लिहिलेला मजकूर बालमित्र, सासरची मंडळी, विद्यार्थी आणि प्राचार्य एकाच वेळी वाचतात. गुजगोष्टी करायला बसलेल्या माणसाच्या हाती लग्नमंडपातला ध्वनिक्षेपक द्यावा, तशी ही अवस्था आहे. ध्वनिक्षेपकावर माणूस एकतर सर्वांना रुचेल असे औपचारिक बोलतो किंवा टाळ्यांसाठी आवाज चढवतो. समाजमाध्यमांवरील मराठी गद्यात शुभेच्छापर गोडवा आणि त्वेष ही दोन टोके ठळक दिसतात. मधला संथ, संदिग्ध, स्वतःलाच तपासणारा सूर दुर्मीळ झाला आहे. ललितगद्याचा प्राण त्या मधल्या सुरातच असतो.

या संकोचाला भीतीचीही बाजू आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघर येथे मुंबईतील बंदविषयीच्या फेसबुकवरील मजकुरावरून दोन तरुणींना अटक झाली. एकीने मजकूर लिहिला होता, तर दुसरीने तो आवडल्याची खूण केली होती. माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६६ अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी ‘श्रेया सिंघल विरुद्ध भारत सरकार’ या खटल्यात घटनाबाह्य ठरवून रद्द केले. कलम गेले तरी मजकूर पाठवण्यापूर्वी तो तीनदा वाचून शेवटी पुसून टाकण्याची सवय सहजासहजी जात नाही. न लिहिलेल्या वाक्यांची मोजदाद कोणत्याही समीक्षेला करता येणार नाही.

५. नावाचा लोप आणि मजकुराचा अंत

अनुदिनीकाराची आणखी एक नित्याची व्यथा म्हणजे स्वतःचेच लेखन निनावी होऊन व्हॉट्सॲपवरून परत येणे. मजकुराखालचे नाव प्रवासात गळून पडते. कधी त्याजागी एखाद्या कीर्तिवंताचे नाव चिकटते. पु. ल. देशपांडे यांच्या नावावर त्यांनी न लिहिलेला कितीतरी मजकूर अशा रीतीने फिरत असतो. प्रताधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम ५७ नुसार आपल्या कृतीचे कर्तृत्व सांगण्याचा हक्क लेखकाला आहे. परंतु हजारो हातांनी पुढे ढकललेल्या मजकुराबाबत तो बजावायचा कोणाविरुद्ध? संत-काव्याच्या अभ्यासात प्रक्षिप्त रचनांचा प्रश्न मराठी संशोधकांनी चिकाटीने हाताळला आहे. तोच प्रश्न आता समकालीन गद्यापुढे उभा आहे, आणि येथे मूळ लेखक हयात असूनही तो सुटत नाही.

नावाबरोबर मजकूरही जातो. जिओसिटीज ही सेवा अमेरिकेत ऑक्टोबर २००९ मध्ये बंद झाली. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी, सर्वसामान्यांसाठीचे गूगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये, तर याहू ग्रुप्स डिसेंबर २०२० मध्ये बंद झाले. प्रत्येक वेळी लेखन उतरवून घेण्यासाठी मुदत दिली गेली. पण परवलीचा शब्द विसरलेल्या, आजारी असलेल्या वा निधन पावलेल्या लेखकाला त्या मुदतीचा काय उपयोग? ‘निबंधमाले’चे अंक आज दीडशे वर्षांनंतरही वाचता येतात. याउलट वीस वर्षांपूर्वीची एखादी अनुदिनी शोधू गेल्यास हाती रिकामे पान येण्याची शक्यता मोठी आहे.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, टंक, कळफलक, प्रतिसादाचा अंक, अनोळखी वाचक, नावाचा लोप या बाबी अनुदिनीच्या वाङ्मयीन रूपाचे घटक आहेत. छंद आणि वृत्ताची बंधने लक्षात न घेता जुन्या कवितेचा विचार होत नाही. त्याप्रमाणे या बंधनांची दखल न घेता या गद्याचे मूल्यमापन करणे एकांगी ठरेल. हे लेखन सरसकट श्रेष्ठ आहे, असा याचा अर्थ नव्हे. त्यातील बरेचसे क्षणिक आहे. पण क्षणिक कोणते आणि टिकाऊ कोणते, हे ठरवण्यासाठी ते आधी हाताशी असायला हवे.

छापील पुस्तके ठरावीक ग्रंथालयांकडे पाठवण्याची तरतूद १९५४ च्या कायद्याने केली; त्यामुळे छापील मराठीचा माग काढता येतो. अनुदिनीच्या बाबतीत ही जबाबदारी आज कोणाचीच नाही. आंतरजालावरील पाने साठवणारे ‘वेबॅक मशीन’ २००१ पासून सर्वांसाठी खुले आहे. महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी आपल्या परिसरातील अनुदिनीकारांची सूची करावी, त्यांच्या संमतीने निवडक लेखन तेथे व ग्रंथालयात जतन करावे आणि पदव्युत्तर प्रकल्पांसाठी त्याचा उपयोग करावा. हे काम फार खर्चाचे नाही. मात्र ते लेखक हयात असताना आणि त्यांना आपले परवलीचे शब्द आठवत असतानाच करावे लागेल.