नियम लिहिला, पण पाळून कोण घेणार? कुबरनेटिसच्या नेटवर्क पॉलिसीची चिकित्सा

आजचा विषय वरवर कोरडा वाटेल. मॅनेज्ड क्लस्टरवर नेटवर्क पॉलिसी अमलात कशी आणायची, एवढाच तो आहे. पण त्यात एक जुना प्रश्न दडलेला आहे. नियम लिहिणारा एक, पाळून घेणारा दुसरा, आणि दोघांची गाठच पडली नाही तर?

आधी मूळ परिस्थिती बघू. कुबरनेटिसमध्ये काहीच नियम केला नाही, तर कुठलाही पॉड कुठल्याही पॉडशी बोलू शकतो, नेमस्पेस वेगळी असली तरी. म्हणजे वेबसाइट दाखवणाऱ्या पॉडमध्ये घुसखोर शिरला, तर तिथून थेट डेटाबेसचं दार ठोठावता येतं. हे अडवायला नेटवर्क पॉलिसी आहे. २०१७ साली, १.७ आवृत्तीत, ती स्थिर झाली.

आता खरी गोम. पॉलिसीची फाइल आपण एपीआय सर्व्हरला देतो. तो ती तपासतो, ठेवून घेतो, 'तयार झाली' म्हणून सांगतो. पण पॅकेट अडवणं हे त्याचं काम नाहीच. ते काम कॅलिको, सिलियम अशा नेटवर्क प्लगइनचं. तसा प्लगइन नसेल, किंवा असून अंमलबजावणी चालू केलेली नसेल, तर काय होतं? काहीच होत नाही. चूक दाखवत नाही, इशारा देत नाही. यादी मागितली की पॉलिसी यादीत दिमाखात दिसते.

याचं समर्थन करणारे म्हणतील, कुबरनेटिसची रचनाच अशी सुटी आहे. इन्ग्रेससुद्धा कंट्रोलरशिवाय नुसता पडून राहतो. बरोबर आहे. पण इन्ग्रेस चालला नाही तर साइट उघडत नाही आणि पाच मिनिटांत बोंब होते. पॉलिसी चालली नाही तर सगळं सुरळीत चालतं! कुलूप न लागलेलं दार आत-बाहेर करणाऱ्याला कधीच खटकत नाही. म्हणून दोन्हींना एकच न्याय लावणं आम्हाला पटत नाही. १.२४ आवृत्तीत पॉलिसीला 'स्टेटस' देण्याचा प्रयोग झाला होता. तो पुढे सरकला नाही, काढून टाकला गेला. नेमकी तीच जागा आजही रिकामी आहे.

मॅनेज्ड सेवा घेतली की हा प्रश्न सुटतो का? आपोआप नाही. गुगलच्या जीकेईचं बघा. ऑटोपायलट क्लस्टर किंवा डेटाप्लेन व्ही२ असेल, तर अंमलबजावणी अंगभूत असते. खाली सिलियम आणि ईबीपीएफ आहे. पण जुन्या पद्धतीच्या स्टँडर्ड क्लस्टरवर ती दोन पायऱ्यांनी चालू करावी लागते: आधी कंट्रोल प्लेनसाठी ॲडऑन, मग नोड्सवर प्रत्यक्ष अंमलबजावणी. दुसऱ्या पायरीत नोड पूल नव्याने बनतात, पॉड हलतात. म्हणून वेळ बघूनच हे करायचं. पहिली पायरी करून थांबलात, तर हाती फक्त समाधान. ॲमेझॉनच्या ईकेएसमध्ये त्यांच्या स्वतःच्या प्लगइनला ही सोय २०२३ मध्ये मिळाली, तीही आपण चालू करायची.

आता पॉलिसीच्या भाषेबद्दल. तिच्यात 'नाही' म्हणता येत नाही, फक्त परवानग्या लिहिता येतात. एका पॉडला अनेक पॉलिसी लागू असतील तर परवानग्यांची बेरीज होते. हे सोपं आहे, चांगलंही आहे, कारण क्रमाचा घोळ नाही. पण यामलमधली एक आडवी रेघ बघा. नेमस्पेस सिलेक्टर आणि पॉड सिलेक्टर एकाच रेघेखाली लिहिले तर अर्थ 'दोन्ही अटी पाहिजेत'. दुसऱ्यासमोर वेगळी रेघ आली, की अर्थ 'दोन्हींपैकी कुठलीही'. एका रेघेने एका पॉडसाठी असलेली वाट अख्ख्या नेमस्पेसला मोकळी होते, आणि दोन्ही फाइली तितक्याच वैध ठरतात. सुरक्षेची भाषा इतकी निसरडी असू नये.

दुसरी अडचण उलट्या बाजूची. बाहेर जाणारी सगळी वाहतूक बंद केली की डीएनएससुद्धा बंद होतं. ५३ क्रमांकाचा पोर्ट, यूडीपी आणि टीसीपी दोन्ही, मोकळा ठेवावाच लागतो. नाहीतर ॲप्लिकेशन कोलमडतं, घाईघाईत कोणीतरी पॉलिसीच काढून टाकतं आणि ती परत लावायची राहून जाते.

मग करायचं काय? यादीवर विश्वास ठेवायचा नाही, चाचणीवर ठेवायचा. पॉलिसी लावण्याआधी एका तात्पुरत्या पॉडमधून जोडणी होते हे बघा. पॉलिसी लावा. आता तीच जोडणी तुटली पाहिजे, आणि परवानगी असलेल्या पॉडची चालली पाहिजे. तिन्ही गोष्टी बघायच्या. पहिली नाही बघितली, तर जोडणी पॉलिसीमुळे तुटली की पत्ताच चुकला होता, हे कळणार नाही. ही तपासणी एकदा करून भागत नाही. क्लस्टर नवा बनला, प्लगइन बदलला, की पुन्हा करायची.

नेटवर्क पॉलिसी टाकाऊ आहे असं आमचं म्हणणं नाही. ती हवीच. पण जी व्यवस्था नियम स्वीकारते, तिने तो पाळला जातोय की नाही हेही सांगायला हवं. ते सांगत नाही तोवर विचारत राहणं आपल्याकडे आलं. प्रश्न असतील तर घेऊ.