चूक झाकायची की मुरवायची?

रीबॉर्न डॉल म्हटलं की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, ‘असल्या बाहुल्या घेतं तरी कोण?’ प्रश्न गैर नाही, पण तो विचारला की बाहुली बाजूला राहते आणि ती घेणारीच्या मनाची चिरफाड सुरू होते. ब्रिटनच्या चॅनल फोरवर २००८मध्ये या बाहुल्यांवर एक डॉक्युमेंटरी आली, ‘माय फेक बेबी’. निकाल नावातच लागलेला आहे. मला इथे बाहुलीकडे पाहायचंय, आणि तेही तिचा रंग बिघडलेला असताना. कारण रंगवणारीचा वकूब तयार बाहुलीपेक्षा तिच्या दुरुस्तीत जास्त कळतो.

पद्धत थोडक्यात अशी. हा छंद १९९०च्या दशकात अमेरिकेत रुजला. तेव्हा बाजारातल्या तयार बाहुल्यांचा रंग काढून त्या नव्याने रंगवत. ‘पुन्हा जन्मलेली’ हे नाव त्यातूनच आलं. आता शिल्पकाराने घडवलेल्या बाळावरून काढलेलं विनाइलचं कोरं डोकं आणि हातपाय किट म्हणून मिळतात. रंग बहुधा उष्णतेने पक्के होणारे तैलरंग. ते हवेत वाळत नाहीत. साधारण १३० अंश सेल्सिअसला ओव्हनमध्ये काही मिनिटं भाजावे लागतात. एका बाळावर असे पंधरा-वीस हात सहज चढतात आणि प्रत्येक हात स्पंजाने थोपटून इतका विरळ करतात की खालचा दिसत राहतो.

त्यामुळे चूक कधी लक्षात आली यावर सगळं ठरतं. भाजण्याआधी दिसली तर थिनरने पुसली की संपलं. भाजल्यानंतर दिसली तर दोन वाटा उरतात. एक तर अ‍ॅसिटोनने सगळे थर उतरवून कोऱ्या विनाइलपर्यंत मागे जायचं, नाहीतर आहे त्या रंगावरच काम करायचं. दुसऱ्या वाटेत खरी कला आहे. बाळ नारिंगी झालं असेल तर निळ्याचा, लाल झालं असेल तर हिरव्याचा, पिवळं पडलं असेल तर जांभळ्याचा अगदी पाण्यासारखा पातळ हात द्यायचा. रंगचक्रावर समोरासमोर बसणारे रंग एकमेकांचा जोर कमी करतात. नवशिका हात मात्र नेमका पांढऱ्याकडे जातो. नारिंगी बाळावर फिकट गुलाबीचा जाड थर चढतो, नारिंगी दिसेनासा होतो आणि त्याबरोबर त्वचाही जाते. भिंतीला डिस्टेंपर मारल्यासारखं दिसतं. ही झाकलेली चूक. पहिली ती मुरवलेली.

ही युक्ती बाहुलीवाल्यांची नाही. चेन्निनो चेन्निनी या इटालियन चित्रकाराने १४००च्या आसपास लिहिलेल्या पुस्तकात चेहऱ्याच्या गुलाबी रंगाखाली हिरव्या मातीचा थर द्यायला सांगितलं आहे. त्या काळातल्या काही मॅडोनांचे चेहरे आज हिरवट दिसतात, कारण वरचा गुलाबी झिजला आणि खालचा आधार उघडा पडला. जिवंत कातडी दाखवायची तर तिच्या विरोधी रंगाला सोबत घ्यावं लागतं, हे त्यांना ठाऊक होतं. स्वयंपाकघरातल्या ओव्हनशी उभी राहून लाल गालावर हिरवा हात देणारी बाई त्याच परंपरेत काम करते, मग तिला कोणी चित्रकार म्हणो न म्हणो.

चूक होते कशी, हेही पाहण्यासारखं आहे. क्वचितच ती एका फटकाऱ्यात होते. प्रत्येक थर एकटा पाहिला तर निरुपद्रवी असतो. बेरीज मात्र बिघडते. दिवाही फसवतो. पिवळ्या बल्बखाली छान वाटलेलं बाळ सकाळी खिडकीपाशी नेलं की वेगळंच दिसतं. आणि डोळा फसवतो तो निराळाच. पॅरिसच्या गोब्लँ कारखान्यात रंगविभाग सांभाळणाऱ्या शेव्हरल या रसायनशास्त्रज्ञाकडे काळा रंग नीट उतरत नाही अशा तक्रारी यायच्या. त्याने तपासलं तर दोष रंगात नव्हता. शेजारच्या रंगामुळे काळा तसा दिसत होता. १८३९मध्ये त्याने त्यावर ग्रंथच लिहिला. म्हणून गाल जास्त लाल वाटला की आधी कपाळ फार फिकट तर नाही ना, हे पाहावं. कित्येकदा दुरुस्ती गालाला नव्हे, कपाळाला लागते.

शिरांचं उदाहरण घ्या. शिरेतलं रक्त लालच असतं. कातडीतून प्रकाश जाताना-येताना जे होतं त्यामुळे शीर निळसर दिसते. वरून निळी रेघ ओढली तर ते गोंदण होतं. शीर आधी काढायची आणि तिच्यावर त्वचेचे थर चढवायचे. उलट झालंच असेल तर उपायही तोच: वरून त्वचारंगाचे पातळ हात देत ती खोल ढकलायची.

जपानी रोबोतज्ज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७०मध्ये मांडलं होतं की मानवसदृश वस्तू आपल्याला आवडत जाते, पण माणसाच्या फार जवळ आली की एका टप्प्यावर एकदम नकोशी वाटते. रीबॉर्न बाहुल्यांची शिसारी येते ती यामुळेच, असं सांगितलं जातं. मला ते अर्धंच पटतं. ज्या बाहुल्या पाहून मला दचकायला होतं, त्यांचा घाट हुबेहूब असतो आणि रंग मात्र सपाट. तिथे खरेपणा जास्त झालेला नसतो, अर्ध्यावर सोडलेला असतो.

आता माझी तक्रार. या दुनियेत ‘चूक’ कशाला म्हणतात? नवजात बाळ एकरंगी नसतं. पहिल्या दिवशी तळहात-तळपाय निळसर असू शकतात, गार वाऱ्याने अंगावर जाळी उमटते, साल निघते, कावीळीचा पिवळेपणा येतो. विकायच्या बाहुलीत मात्र यातलं निवडकच ठेवलं जातं. नाकावरचे पांढरे ठिपके गोड म्हणून राहतात आणि निळसर तळवे ‘बिघडले’ म्हणून गुलाबी होतात. पुष्कळदा दुरुस्तीपेक्षा चूकच खरी असते. शिवाय विरोधी रंगांचे हात वाढत गेले की दोन्ही रंग मरतात आणि उरतो गढूळ राखाडी. जिवंतपणासाठी केलेली दुरुस्ती बाळाला निर्जीव करून ठेवते.

दुसरी तक्रार रंगाच्या नावाची. ‘फ्लेश’ म्हणजे फिकट गुलाबी, हे गृहीत जुनंच आहे. क्रेयोला कंपनीने या नावाचा खडू १९६२मध्ये ‘पीच’ केला, तरी सवय सुटली नाही. सावळी बाहुली विक्रीला येते ती ‘एथनिक’ अशी पाटी लावून, म्हणजे गोरी तेवढी नुसती बाहुली. तपकिरीत पांढरा मिसळून उजळवलेली त्वचा राखेसारखी दिसते आणि तिथे गोऱ्या बाळाचे नुस्खे चालत नाहीत. उबदार तांबूस-नारिंगीचे पातळ हात लागतात. आपल्याकडच्या कितीतरी बाळांच्या कमरेखाली निळसर-करडा डाग असतो, जो बहुधा काही वर्षांत विरतो. मी पाहिलेल्या व्हिडिओंत मानेवरचा लालसर डाग काढायला हौसेने शिकवतात. हा निळा मात्र मला एकदाही दिसला नाही. गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा अशी उतरंड तोंडपाठ असलेल्या आपण त्यांना हसायचं कारण नाही. आपणही बाळाच्या अंगाकडे रंग म्हणून कमी आणि गुण म्हणून जास्त पाहतो.

हा प्रश्न सर्वांत अवघड होतो तो गेलेल्या बाळाच्या फोटोवरून बाहुली मागवली जाते तेव्हा. फोटोतला रंग रंगवणारीच्या हिशेबात ‘चुकलेला’ असू शकतो. तो दुरुस्त करून द्यायचा की तसाच ठेवायचा? रंगचक्र याचं उत्तर देत नाही. माझ्या मते ते ठरवण्याचा अधिकार आईबापांचा आहे, आणि गालावर पहिला गुलाबी हात देण्यापूर्वी त्यांना तसं विचारणं हा त्या कामाचाच भाग आहे. ‘गोड दिसेल’ म्हणून परस्पर केलेला बदल हा त्यांच्या आठवणीवर चढवलेला जाड थर आहे.

पुढच्या वेळी अशी बाहुली स्क्रीनवर आली तर चेहरा सोडून टाच, कानामागचा भाग आणि गुडघ्यामागची घडी झूम करून पाहा. चेहऱ्यावर सगळेच मेहनत घेतात. या जागी रंगवणारी एकटी असते, आणि तिला बाळ दिसलं होतं की नुसता गुलाबी रंग, हे तिथे कळतं.