करवतीचा काठ आणि नवी तंतुकला

एखाद्या कलेस नवें नांव मिळालें, म्हणजे तिच्या परिवारांतील कांहीं वस्तु एकदम उच्चासनीं बसतात आणि कांहीं पूर्वींच्याच जागीं राहतात. ‘तंतुकला’ या नांवाचें असेंच झालें आहे. सूत, ताग, लोकर, रेशीम यांपासून हातानें घडविलेली कृति चित्राच्या किंवा शिल्पाच्या पंक्तीस बसण्यास योग्य आहे, हें आतां सर्वत्र मान्य होत आहे. न्यूयॉर्क येथील आधुनिक कलेच्या संग्रहालयानें १९४९ सालीं ॲनी आल्बर्स या विणकर विदुषीच्या कृतींचें स्वतंत्र प्रदर्शन भरविलें. १९६२ पासून स्वित्झर्लंडमधील लोझान येथें भित्तिवस्त्रांचीं मोठीं प्रदर्शनें होऊं लागलीं. हा मान न्याय्यच आहे. परंतु तो नेमका कशास मिळतो, हाताच्या बुद्धीस कीं वस्त्र टांगलेल्या भिंतीस, हा प्रश्न रसिकांनीं स्वतःस विचारला पाहिजे. आणि त्याचें उत्तर शोधण्यास चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानाइतकी चांगली जागा आम्हांस दुसरी दिसत नाहीं.

प्रथम भिंतीवरच्या वस्त्रांकडे पाहूं. मुंबईच्या मोनिका कोरिया यांस विणकामाची वाट १९६२ सालीं अमेरिकेंत मारियान स्ट्रेंगेल या नामवंत विणकर बाईंकडून सांपडली. मागावरील फणीचें काम ताण्याचे धागे सारख्या अंतरावर, सरळ आणि समांतर ठेवण्याचें, व बाणा ठोकून बसविण्याचें. कोरिया यांनीं विणतां विणतां मध्येंच ही फणी काढून घेण्याची युक्ति योजिली. शिस्तींतून सुटलेले धागे मग वळतात, एकमेकांजवळ येतात, पुन्हा दूर जातात, आणि झाडाच्या खोडाचा किंवा पाण्याच्या ओघाचा भास होतो. येथें चित्र वस्त्रावर काढलेलें नाहीं. तें वस्त्राच्या रचनेंतूनच निघालें आहे. आमच्या मतें त्यांच्या कलेचें सारें सामर्थ्य या एका गोष्टींत आहे.

मृणालिनी मुखर्जी (१९४९–२०१५) यांचा जन्म मुंबईचा, कलाशिक्षण बडोद्याचें. त्यांनीं माग टाकूनच दिला. वाखाच्या जाड दोरास गांठीमागून गांठ मारीत, आधीं आराखडा न काढतां, त्यांनीं ‘वनश्री’, ‘आदि पुष्प’ यांसारख्या भव्य आकृति उभ्या केल्या. त्यांपुढें उभें राहिलें असतां ही देवता आहे कीं वनस्पति, असा संभ्रम पडतो. आणि तो संभ्रम दोराच्या भारानें पडणाऱ्या घड्यांतून उत्पन्न होतो. २०१९ सालीं, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयानें त्यांच्या कृतींचें मोठें प्रदर्शन भरविलें. या दोघींच्या कामावरून तंतुकलेची एक कसोटी हातीं लागते. ती अशी, कीं धाग्याच्या स्वभावांतून उद्भवलेली अडचण हातानें सोडवावी आणि त्या सोडवणुकीतूनच रूप जन्मास यावें.

हीच कसोटी घेऊन आतां रानाकडे वळूं. हा लेख ज्या घुग्घुसमध्यें लिहिला जात आहे, तें कोळशाच्या खाणींचें आणि सिमेंटचें गांव. येथें यंत्राचेंच राज्य. परंतु याच जिल्ह्यांत नागभीड आहे, आणि शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यांत आरमोरी. आरमोरीकडे ढिवर समाजाचे लोक ऐनाच्या झाडांवर टसराचे किडे पोसतात. तुतीच्या किड्याप्रमाणें हा किडा घराच्या छपराखालीं वाढत नाहीं. तो उघड्या झाडावर पाला खातो, आणि पांखरें व मुंग्या यांपासून त्याचें रक्षण करण्यास माणसास रानांत राखण करीत बसावें लागतें. त्याच्या कोशाचें, म्हणजे कोशाचें आपल्या बोलींतील ‘कोसा’, सूत मधाच्या रंगाचें आणि किंचित् खरबरीत असतें. नागभीडच्या, तसेंच भंडारा जिल्ह्यांतील मोहाडी, आंधळगांव व पवनी येथील विणकरांनीं या सुतास जो काठ जोडला, तोच करवती काठ.

साधें लुगडें विणतांना एकच धोटा एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत जातो. त्यामुळें मधल्या अंगाचा बाणा काठाच्या ताण्यांत शिरतो आणि काठाचा रंग मंदावतो. करवतींत तीन धोटे चालतात : दोन काठांचे दोन आणि अंगाचा एक. प्रत्येक फेरींत अंगाचा बाणा सीमेपर्यंत येतो, काठाच्या बाण्यास अडकतो आणि परत फिरतो. लाल काठांत लालच बाणा राहतो, म्हणून रंग पूर्ण तेजानें प्रकटतो. अडकण्याची जागा क्रमाक्रमानें मागें-पुढें सरकविली, कीं सीमेवर करवतीचे दांते उमटतात. हे दांते म्हणजे नक्षी खरी, पण वरून चिकटविलेली नव्हे. दोन रंगांस, आणि पुष्कळदां रेशीम व कापूस या दोन जातींच्या धाग्यांस, न उसवतां आणि न चुणतां एकत्र नांदविण्याची ती योजना आहे. पैठणीच्या पदरांतील मोर आणि वेली धाग्यांच्या अशाच गुंफणींतून उभ्या राहतात. परंतु तेथें सांधा चित्राच्या सेवेस लागतो. करवतीनें सांधा हाच अलंकार केला.

कोरिया यांनीं फणी काढून जें साधलें, तेंच नागभीडच्या विणकरानें तिसरा धोटा घालून साधलें आहे. मग एकीचें नांव संग्रहालयाच्या पाटीवर असावें आणि दुसऱ्याचें लुगड्याच्या चिठ्ठीवरही नसावें, हें कोणत्या न्यायानें?

येथें कोणी म्हणेल, कीं कलावंत नवें घडवितो, कारागीर पिढीजात नमुनाच फिरून फिरून विणतो. हा आक्षेप वजनदार आहे. परंतु संगीताच्या बाबतींत तो आपण कधीं घेत नाहीं. यमन आजवर असंख्य गायकांनीं गाइला, म्हणून नव्या गायकाचें नांव कार्यक्रमपत्रिकेवरून कोणी पुसून टाकीत नाहीं. ठरलेल्या चौकटींत सूर कोठें ठेवला, हेंच आपण ऐकतों. दांता नेमका वळला आहे कीं ढिला पडला आहे, काठ आणि अंग यांचा ताण सारखा राहिला आहे कीं सीमेवर चुण्या पडल्या आहेत, हें पाहण्याची सवय आपल्या डोळ्यांस लागली, तर एका करवतींत आणि दुसरींत किती अंतर असतें तें सहज कळेल. सर्वच करवती उत्तम नसतात, हें सांगण्याचें धैर्य रसिकांत आलें, म्हणजेच त्यांनीं तिला कला मानलें असें म्हणतां येईल.

परंतु हाताच्या गौरवांतही विवेक हवा. याच जिल्ह्यांतील सावली येथें १९३६ सालीं गांधी सेवा संघाचें अधिवेशन भरलें होतें. हातकताईला नैतिक मोल देणारा तो काळ. त्या संस्कारामुळें हातानें केलेलें तें सर्व पवित्र, अशी आपली समजूत होऊन बसते. टसराच्या प्रदेशांत कोशांतून काढलेल्या धाग्यास स्त्रिया उघड्या मांडीवर तळव्यानें पीळ देत आल्या आहेत. त्यानें कातडी सोलवटते, अंग अवघडून जातें. केंद्रीय रेशीम मंडळानें या कामासाठीं ‘बुनियाद’ नांवाचें यंत्र पुढें आणलें आहे, आणि मांडीवरील कताई बंद व्हावी असा प्रयत्न चालविला आहे. एखादा हौशी ग्राहक त्यामुळें हळहळेल, कारण मांडीवरच्या सुताचा ओबडधोबडपणा त्यास ‘अस्सल’ वाटतो. आम्हांस ही हळहळ क्रूर वाटते. त्या पिळांत हात निवड करीत नाहीं. तो केवळ झिजतो. सीमेवर धागा कोठें अडकवावा हें ठरवितांना मात्र हात विचार करतो. पहिलें काम यंत्रानें खुशाल न्यावें; दुसरें गेलें, तर करवतीचा आकार उरेल आणि तिचा अर्थ जाईल. यंत्रमागावर दांत्यांचें चित्र उठवितां येईलही. परंतु चित्र म्हणजे सांधा नव्हे.

म्हणून आमच्या वाचक भगिनींस आणि बंधूंस एवढीच सूचना, कीं कोशाचें लुगडें घेतांना तें उलटें करून उजेडाकडे धरावें. अंगाचा बाणा काठांत शिरला असेल, तर तें करवती नव्हे. शिरला नसेल, आणि दांते सारखे असतील, तर किंमत विचारण्यापूर्वीं विणकराचें नांव विचारावें. दुकानदारास तें ठाऊक नसेल. पण चार ग्राहकांनीं विचारलें, तर पांचव्यासाठीं तो तें ठेवून देईल.